सोरच्या आकाशातली जोडरेघ

६ मार्च

ती. मामांना,

नमस्कार. मी ठीक आहे. मामींच्या गुडघ्याला आता उतार असेल. इथे मला खोली मिळाली आहे. लहान आहे, पण खिडकी उत्तरेला आहे, त्यामुळे उजेड दिवसभर सारखा राहतो. त्या खिडकीत बसूनच लिहिते आहे.

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते. यात काही चुकीचं वाटलं तर त्या आकड्यासमोर दुरुस्ती करून कळवा.

१. ग्रंथालयाने प्रदर्शनासाठी जुनी छापचित्रं आपल्या कार्यशाळेत दुरुस्तीला पाठवली. बायबलमधल्या जागांची आणि पडक्या नगरांची: सोरचे समुद्रात कोसळलेले खांब, निनवेचे ढिगारे, यार्देनचं खोरं, मृत समुद्र. सगळी लाकडी ठशांवरून छापलेली.

२. ती मी धुतली, कागदातली आम्लता काढली, फाटलेल्या कडा सांधल्या, सपाट करून तुमच्या ताब्यात दिली. मग मी चौकटींची मापं घ्यायला ग्रंथालयात जाऊ लागले.

३. त्यानंतर चार चित्रांमधल्या पांढऱ्या जोडरेघा कुंचल्याने, काळ्या शाईने भरल्या गेल्या.

४. प्रदर्शनाआधीच्या पाहणीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी ते ओळखलं आणि विचारलं, हे कोणी केलं.

५. तुम्ही म्हणालात, "हिचं काम आहे."

६. मी काही बोलले नाही.

७. ते काम माझं नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. इथल्या प्रयोगशाळेत मला एक तारखेला रुजू व्हायचं होतं. त्याआधीच ग्रंथालयाचं पत्र इथे पोचलं. त्यात माझ्या नावापुढे लिहिलं आहे की मी मूळ छापचित्रांवर परवानगी न घेता शाई चढवली. आमच्या कामात याहून वाईट वाक्य नाही. उशीर झाला, कडा वाकडी कापली, खळ जास्त लागली, सगळं माफ होतं. हे होत नाही. संचालकांनी मला समोर बसवून विचारलं, "तुम्ही केलंत?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "मग कार्यशाळेच्या प्रमुखांकडून तसं लिहून आणा. तुमचे मामाच ना ते? दोन ओळी आल्या तरी मी फाइल मिटवतो. वीस तारखेपर्यंत वाट पाहतो, पुढे मला दुसऱ्या उमेदवाराला बोलवावं लागेल."

तुमचे मामाच ना ते, हे त्यांनी फार सहज म्हटलं. मामा म्हटल्यावर दोन ओळी मिळणारच, असं त्यांना वाटलं असावं.

हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं. मी दोनदा केला. एकदा मामींनी उचलला आणि तुम्ही आंघोळीला गेला आहात असं सांगितलं. दुसऱ्यांदाही तुम्ही आंघोळीलाच होता. म्हणून पत्र.

मामा, जोडरेघ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची माझी हिंमत नाही. पण हे पत्र तुम्ही आणखी कुणाला दाखवलंत तर त्यालाही कळावं म्हणून लिहिते. या चित्रांचे ठसे ज्या झाडाच्या लाकडाचे, त्याचा बुंधा बारीक असतो. कोरायचं खोडाच्या आडव्या कापावर, त्यामुळे एक तुकडा तळहाताएवढा मिळतो. मोठं चित्र हवं तर असे तुकडे मागून बोल्टने आवळून एकच फळी करायची, तिच्यावर चित्र काढायचं, मग बोल्ट सोडून एकेक तुकडा एकेका कारागिराला द्यायचा. कोरून झाले की पुन्हा आवळायचे. लाकूड सुकलं की सांधे किंचित उघडतात. उघडलेल्या फटीला शाई लागत नाही. म्हणून छापलेल्या आकाशातून, खांबांतून, कधी एखाद्या उंटाच्या पोटातून केसाएवढी पांढरी रेघ सरळ खाली उतरते. तो बिघाड नाही. ते चित्र कसं झालं त्याचा तो एकमेव पुरावा आहे.

हे मी पुस्तकात नंतर वाचलं. आधी तुमच्याकडून ऐकलं.

बाबा वारल्यावर आई आणि मी तुमच्या कार्यशाळेमागच्या दोन खोल्यांत राहायला आलो तेव्हा मी दुसरीत होते. शाळेतून आले की तुमच्या टेबलाच्या टोकाला बसायचे. तुम्ही पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून ठेवलं होतं. तो पुठ्ठा चित्रावर ठेवायचात आणि भोकातून दिसेल तेवढ्यावरून विचारायचात, "हा कोण?"

"आकाशवाला."

"कशावरून?"

"रेघा पट्टीने मारल्यासारख्या आहेत."

"आणि हा?"

"दगडवाला. पण मामा, हा घाईत आहे."

"घाईत कशावरून?"

"विहिरीवरच्या बायकांना तोंडंच नाहीत."

"जेवायची वेळ झाली असेल बिचाऱ्याची," तुम्ही म्हणायचात. मग पुठ्ठा उचलून जोडरेघ दाखवायचात. खाली कोपऱ्यात नाव एकाचंच असतं, मालकाचं. आकाशवाला, दगडवाला, पाणीवाला, कुणाचंच नाव नाही. "नाव नाही लिहू दिलं त्यांना," तुम्ही म्हणायचात, "पण एकाचा हात कुठे थांबला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला, ते इथे राहिलं. ही रेघ पुसली तर तो माणूस गेला."

हे तुमचे शब्द. मी यात काही घातलेलं नाही.

ग्रंथालयाचे अध्यक्ष कार्यशाळेत आले तो दिवसही तुम्हाला आठवत असेल. सोरचं चित्र टेबलावर होतं. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "साहेब, बोट नको." त्यांनी बोट काढलं आणि माझ्याकडे न बघता तुम्हाला विचारलं, "हे फुटलंय का हो?"

"फुटलेलं नाही. जोडलेलं आहे," तुम्ही म्हणालात.

"ते तुम्हाला माहीत. बघणाऱ्याला काय माहीत? तो म्हणणार, एवढा खर्च करून फुटकं चित्र लावलं. जरा स्वच्छ करून द्या ना."

तुम्ही म्हणालात बघतो. ते गेल्यावर दार लावलंत आणि म्हणालात, "चेअरमन. चेअर आहे, मन नाही." मी हसले होते.

आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही जोड भरलेत.

कारण मला मामींकडून कळलं. त्यांच्यावर रागावू नका, त्यांना वाटलं मला माहीत असेल. ग्रंथालयाच्या नव्या दुरुस्ती दालनाला तुमचं नाव द्यायचं अध्यक्षांनी ठरवलं होतं, चित्रं मनासारखी झाली तर. मामी म्हणाल्या, "अगं, अक्षरं पितळेची लावायची की दगडात कोरायची, यावर आमच्याकडे आठवडाभर चर्चा. मी म्हटलं, लावा काहीही, पुसायला मला सांगू नका म्हणजे झालं." त्या हसत होत्या. मीही बहुतेक काहीतरी म्हणाले. फलक महिनाअखेरीला लागतो आहे असं त्यांनी सांगितलं. म्हणजे अजून लागतो आहे. दोष माझ्यावर गेल्यामुळे तुमच्या नावाला काही झालं नाही.

एका फळीवर नाव यावं म्हणून तुम्ही चार चित्रांमधून माणसं पुसलीत. यापुढे मी शब्द शोधणार नाही.

७ मार्च

काल इथवर लिहून थांबले. आज सकाळी आईचा फोन आला. तुम्ही सांगितलंत म्हणून की आपणहून, ते मी विचारलं नाही.

ती म्हणाली, "जाऊ दे ना. तुझं काय जातंय? तू शिकलेली आहेस, दहा ठिकाणी घेतील तुला. त्याला या वयात कोण विचारणार?"

"आई, मी केलेलं नाही ते."

"मला माहीत आहे गं."

"मग?"

"त्यालाही माहीत आहे. म्हणून तर सांगते. ज्याला माहीत आहे त्याला आणखी काय दाखवायचं?" मग थोडा वेळ भांड्यांचा आवाज. "आपल्याला छप्पर दिलं त्याने. तेव्हा कुणी दार उघडत नव्हतं."

"छपराबद्दल मी काही म्हणत नाहीये."

"तू काहीच म्हणत नाहीस, हाच तर तुझा स्वभाव. त्या दिवशीही कुठे म्हणालीस?"

माझी आई क्वचित बोलते, पण खिळा बरोबर ठोकते. त्या दिवशी मी का बोलले नाही, हे मी अजून तुम्हाला लिहिलेलं नाही. वरच्या यादीत चार आणि पाच या आकड्यांच्या मध्ये एक गोष्ट राहिली आहे. मी ती काल मुद्दाम सोडली. आज लिहिते.

पाहणीच्या वेळी आपण त्या लांब टेबलाभोवती उभे होतो. अध्यक्ष, ग्रंथपाल, तुम्ही, मी. त्या बाईंनी सोरच्या चित्रावर भिंग धरलं आणि म्हणाल्या, "इथे सांधा असायला हवा." त्यांनी चित्र उलटं केलं आणि दिवा तिरका धरला. ठसा दाबून छापला की कागदाच्या पाठीवर उठाव येतो. सगळीकडे होता. जिथे जोडरेघ होती तेवढी पट्टी सपाट होती. कुंचल्याच्या शाईला उठाव नसतो. त्या म्हणाल्या, "भरलंय कुणीतरी. आणि ही शाई निघणार नाही आता, कागदात उतरली आहे." मग मान वर करून विचारलं, "हे कोणी केलं?"

तेव्हा मी तुमच्या हाताकडे पाहिलं.

कुंचल्याचं टोक अंगठ्याच्या नखावर फिरवून बारीक करायची तुमची सवय मला लहानपणापासून माहीत आहे. तुमच्या उजव्या अंगठ्याचं नख कडेला काळं होतं. ती काजळीची शाई साबणाने जात नाही. तुम्ही तो हात टेबलावर, चित्राच्या बाजूला ठेवला होता. कुणीही खाली पाहिलं असतं तर दिसलं असतं.

टेबलावर पाहुण्यांसाठी पांढऱ्या सुती हातमोज्यांचे जोड ठेवले होते. मी एक उचलला आणि तुमच्यासमोर धरला. म्हटलं, "मामा, हातमोजे."

तुम्ही आयुष्यात कधी हातमोजे घातले नाहीत. मोज्यातून कागद कळत नाही, डॉक्टर काय मोजा घालून नाडी बघतो का, असं तुम्ही प्रत्येक नव्या माणसाला ऐकवता. त्या दिवशी एक शब्द न बोलता घेतलेत. आधी उजवा चढवलात. मग डावा. मनगटापर्यंत नीट ओढलेत.

आणि हात झाकून झाल्यावर म्हणालात, "हिचं काम आहे. शिकतेय अजून. सांभाळून घ्या."

मी मोजे दिले तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की तुम्हाला विचार करायला क्षणभर मिळावा. तुम्ही म्हणाल, बाई, जरा बाजूला या, सांगतो. किंवा म्हणाल, चूक झाली. मी तुमच्या बाजूने उभी राहायची तयारी केली होती. अध्यक्षांनी कसा आग्रह धरला ते सांगणार होते. वाक्य तयार होतं.

मग तुमचं वाक्य आलं आणि माझं राहिलं. त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी रिकामा ट्रे उचलला आणि आत गेले. आत नळ सोडला. ट्रे स्वच्छच होता, तरी धुतला.

इतकी वर्षं मी तुमच्याकडे काम केलं. वाळवीने खाल्लेला तो मोठा नकाशा, पाण्यात भिजलेली ती जन्मनोंदीची पुस्तकं, गेल्या वर्षीची हस्तलिखितं, प्रत्येक अहवालाखाली सही तुमची. पाहुण्यांना सांगताना तुम्ही "आम्ही केलं" म्हणायचात आणि मी मागे चहाचे कप गोळा करायचे. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, असं लिहिणार होते. खोटं कशाला लिहू, वाटायचं. पण मी समजत होते की योग्य वेळ आली की तुम्ही म्हणाल.

म्हणालात. चारचौघांत, स्पष्ट आवाजात, हिचं काम आहे. पहिल्यांदाच म्हणालात आणि तेही नेमकं याच कामाबद्दल.

भाची असंही म्हणाला नाहीत. त्या बाईंना आजही वाटत असेल की मी तुमच्याकडे ठेवलेली कुणी मुलगी आहे.

आता व्यवहाराचं लिहिते.

पाहणीनंतर ग्रंथपालांच्या परवानगीने मी त्या चारही चित्रांचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेतले. तुम्ही घरी निघून गेला होतात. फोटोंत कुंचल्याचा प्रत्येक फटकारा वेगळा दिसतो. टेकतो तिथे जाड, उचलतो तिथे निमुळता. सगळे उजवीकडून सुरू होतात आणि डावीकडे संपतात. मी उजव्या हाताने काम करते. कार्यशाळेत डावखुरा माणूस एकच आहे. पुठ्ठ्याच्या भोकातून दाखवले असते तर दुसरीतल्या मुलीनेही हात ओळखला असता.

कामाबद्दल एक सांगायला हवं, कारण ते खरं आहे. भरलेलं उत्तम आहे. दगडवाल्याच्या रेघेला दगडवाल्यासारखी तुटक आणि आकाशवाल्याला आकाशवाल्यासारखी सरळ जोड दिली आहे. या वयात असा हात कुणाचा नसेल. म्हणूनच ते मला पाहणीआधी दिसलं नाही आणि म्हणूनच त्या बाईंना चित्र उलटं करावं लागलं. सोरच्या आकाशात आता एकही खंड नाही. खांब पडलेले आहेत, समुद्र वर आला आहे, नगर संपलं आहे, आणि वर आकाश मात्र असं, की जणू एकाच माणसाने एका बैठकीत कोरलं.

ते फोटो मी कुणाला पाठवलेले नाहीत. पाठवले तर काम कुणाचं हे ठरेल आणि त्याच पानावर खोटं कोण बोललं हेही ठरेल. तुम्ही स्वतः लिहिलंत तर पहिलं पुरेल, दुसरं कदाचित कुणी विचारणार नाही. तुमचं आयुष्यभराचं काम आहे, लोक ते बाजूला ठेवणार नाहीत. फलक मात्र बहुधा लागणार नाही. त्याला माझा इलाज नाही.

तुमचं पत्र आलं नाही तर मी फोटो पाठवेन. हा धाक नाही. मी काय करणार आहे ते तुम्हाला आधी माहीत असावं, एवढंच. त्या दिवशी तुम्ही काय करणार आहात ते मला माहीत नव्हतं.

आईला यात घेऊ नका. मी इथे जम बसला की तिला घेऊन येणार आहे. बसला नाही तरी आणणार आहे. खोली लहान आहे, पण तिला उजेड आवडतो. तोवर तिला कुणी छपराची आठवण करून देऊ नये. ती स्वतःच दिवसातून चारदा करते.

पत्रात काय लिहायचं ते मी सुचवत नाही. जोडरेघा मी भरल्या, एवढं एक वाक्य पुरे. का भरल्या ते लिहायचं नसेल तर राहू द्या. अध्यक्षांवर ढकलायचं असेल तर तेही करा, त्यांचा वाटा आहेच. टाइप करून घेऊ नका, हाताने लिहा. लिहिताना तुमचा हात ओल्या शाईवरून घसरतो आणि अक्षरांच्या शेपट्या पुसट होतात. ते पाहिल्यावर इथल्या लोकांना फोटोंची गरज पडणार नाही.

मूळ पत्र ग्रंथालयाला, एक प्रत संचालकांना, एक मला. पत्ता पाकिटाच्या मागे आहे.

१८ मार्चपर्यंत उत्तर द्या.

हात ओळखायला तुम्हीच शिकवलेली,
भाची